बर्फावरची चिमूट

माझ्या लेकीच्या पाच वर्षांच्या कामाचं मी बारा दिवसांत वाटोळं केलं, आणि तेही देवाचं नाव घेऊन. पुढे जे घडलं त्यामुळे लोक आता ही गोष्ट हसत हसत ऐकतात, पण त्या दिवशी आमच्या घरात कुणी हसत नव्हतं. तेव्हा सुरुवातीपासूनच सांगते.

मी शरयू ढमाळ. वाई आगारात एसटीची कंडक्टर म्हणून एकोणतीस वर्षं काढली. पसरणीचा घाट मी चालत्या गाडीत उभ्याने इतक्या वेळा चढले आहे की पायांना सपाट रस्त्याचं फारसं अप्रूप नाही. माझी एकुलती एक मुलगी केतकी कॅनडाच्या पार उत्तरेला एका राष्ट्रीय उद्यानात हिमनद्यांवर संशोधन करते. उन्हाळ्यात ती मोजमापं घेते, हिवाळ्यात ती लिहून काढते, आणि या दोन्हींच्या मधे वाईला यायला जागा उरत नाही. पाच वर्षं ती घरी आली नव्हती. शेवटी २०४१च्या जूनमध्ये मीच उठले आणि तिच्याकडे गेले.

तिचं घर म्हणजे उद्यानाच्या वेशीवरच्या गावात दोन खोल्या. ती सकाळी सातला बाहेर पडायची, संध्याकाळी आठला यायची, जेवायची आणि पडद्यावरच्या आलेखांत डोकं घालायची. पहिल्या आठवड्यात आमचं संभाषण "जेवलीस का" आणि "हो" एवढ्यावर येऊन थांबलं. रुसून बसायचं माझं वय राहिलेलं नाही, तरी मी रुसले. ते तिच्या लक्षातच आलं नाही, त्यामुळे रुसवा वाया गेला.

मग एका सकाळी तिच्या आधी बूट घालून मी दारात उभी राहिले. "मलाही ने."

"आई, सहा किलोमीटर चाल आहे. चढ आहे."

"चढाचं मला सांगू नकोस. ओझं काय न्यायचं ते सांग."

ओझं होतं दोन किलो पांढऱ्या भुकटीचं. हिमनदी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने पाठीवर तेवढी पिशवी वर न्यायची, असा तिथला शिरस्ता होता. म्हातारे, पोरं, नवी लग्न झालेली जोडपी, सगळे ती पिशवी कौतुकाने उचलायचे.

आमच्या पुढे वाट दाखवायला रोझ होती. वय सत्तर, अंगाने काटक, त्या मुलखातल्या मूळ रहिवाशांपैकी. तिला उद्यानातला दगड न् दगड ठाऊक होता. आम्हा दोघींच्या कानात दुभाषी यंत्रं होती, म्हणून माझं मराठी तिला आणि तिची भाषा मला कळत होती. मी तिला पहिल्याच वळणावर रोझताई म्हणायला लागले.

वाटेवर जागोजागी लाकडी खांब आहेत आणि प्रत्येकावर एक साल लिहिलं आहे. १९५०चा खांब लागला तेव्हा रोझताई म्हणाली, "माझ्या आईच्या लहानपणी बर्फ इथे होता." तिथे आता झाडं होती, कमरेएवढी गुलाबी तुऱ्यांची रोपं होती आणि त्यांत मधमाश्या. मग १९८०, मग २०००, मग २०२०. हळूहळू झाडं संपली, झुडपं संपली आणि नुसता दगडगोटा उरला. २०३०च्या खांबाला टेकून मी पाणी प्यायले आणि विचारलं, "बर्फ कुठाय?" केतकीने बोट दाखवलं. वाईच्या स्टँडवरून गणपती घाटावर जावं इतका, चांगला किलोमीटरभर, तो अजून लांब होता. एवढी वाट त्याने अकरा वर्षांत सोडली होती. मला एकदम वाईट वाटलं. न पाहिलेल्या माणसाच्या आजारपणाची बातमी ऐकावी आणि तरीही चुकचुकावं, तसं.

पण जवळ गेल्यावर वाईट वाटणं टिकलं नाही, इतकं ते देखणं होतं. दोन डोंगरांमधून निळसर बर्फ उतरत आलेला, त्याच्या पोटातून थंड वारा येतोय, आत कुठेतरी पाणी वाहतंय आणि मधूनच काहीतरी कडाडतंय. देवळापुढे चपला काढतात तसे बूट काढून मी नमस्कार करायला निघाले होते. केतकीने दंडाला धरून थांबवलं आणि बुटांना खालून खिळ्यांच्या पट्ट्या बांधल्या.

वर पोचून सगळे खायला बसले. मी पिशवीतून छोटी शेगडी, तेलाची बाटली आणि कांदाभज्यांचं पीठ काढलं. रोझताई लगबगीने आली. "इथे तळायचं नाही. आमच्या आजीच्या आजीपासूनची रीत आहे. तळणाचा वास बर्फाला खपत नाही. तो रागावून पुढे येतो."

केतकी हसली. "मग तळूच दे तिला. आम्हाला तो पुढे यायलाच हवाय."

"रागावून आलेल्या पाहुण्याला घरात ठेवता येत नाही," रोझताई शांतपणे म्हणाली.

मी शेगडी गुंडाळून ठेवली. रीत म्हटल्यावर कारण विचारायचं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको. भजी राहिली, दशम्या खाल्ल्या, आणि त्या दिवसापासून आमची मैत्री जमली.

आता त्या भुकटीबद्दल सांगायला हवं. उन्हाळ्यात आपल्याकडे पत्र्याच्या छपरावर चुना मारतात, म्हणजे ऊन परत फिरतं आणि घर तापत नाही. भुकटीचं निम्मं काम तेच. उरलेलं निम्मं जास्त हुशारीचं आहे. प्रत्येक वस्तू आपली उष्णता न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने बाहेर टाकत असते. त्यांतले बरेच किरण हवा वाटेत अडवते आणि उष्णता पुन्हा खाली येते. पण काही ठरावीक किरणांना हवा अडवत नाही, ते थेट आभाळापार निघून जातात. काच आणि लाकडाचा लगदा यांचे अतिसूक्ष्म कण बनवून केतकीच्या लोकांनी अशी भुकटी तयार केली होती की ती नेमके तेच किरण बाहेर टाकते. म्हणजे भर उन्हातसुद्धा तिच्याखालचा बर्फ हवेपेक्षा थंड राहतो आणि कमी वितळतो. दोन वर्षांत लगदा कुजून जातो आणि मागे राहते ती चिमूटभर वाळू.

गोम अशी होती की थर अगदी पातळ आणि एकसारखा हवा. उडत्या यंत्राने टाकावी तर त्याच्याच पंख्याच्या वाऱ्याने ती उडायची. फवारावी तर ओल लागून गोळे व्हायचे. म्हणून माणसांनी हाताने पसरायची. केतकीने बर्फावर दोन-दोन मीटरचे चाळीस चौकोन आखले होते. पण गेली दोन वर्षं असं झालं की पहिल्या मोठ्या पावसात थराखाली पाणी शिरायचं आणि सगळी भुकटी घसरून खाली. उद्यानाच्या समितीने शेवटची संधी दिली होती. जुलैअखेर समिती स्वतः वर येऊन बघणार, आणि थर टिकला नसेल तर प्रयोग बंद. केतकीची नोकरी त्या प्रयोगावरच होती.

त्या दिवशी सगळे मुठीने भुकटी फेकत होते, पेरणी केल्यासारखी. मला बघवेना. मी चिमटीत घेतली, अंगठा आणि तर्जनी हळू फिरवत सोडायला सुरुवात केली. आगारात दर दसऱ्याला गाड्यांपुढची रांगोळी माझ्याकडे असायची, आणि मोकळ्या हाताने जमीन भरायची तर धार कशी धरायची हे बोटांना माहीत होतं. चौकोन भरला. केतकीने त्यावर मापाचं यंत्र धरलं, आकडा बघितला, पुन्हा धरला.

"आई, हे कसं केलंस?"

"रांगोळीसारखं. त्यात काय एवढं?"

"वरची रांग तुझी. बारा चौकोन. रोज एक."

लेकीने काम सांगितलं याचा मला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

इथे माझी चूक येते. चातुर्मास लागला होता. माझ्या सासूबाईंपासून आमच्या घरात गोपद्मांचं व्रत आहे. चातुर्मासात रोज रांगोळीने तेहतीस गोपद्मं काढायची, म्हणजे गाईच्या खुरांचे ठसे, आणि प्रत्येकावर हळदीकुंकू वाहायचं. केतकीच्या घरात जमिनीवर गालिचा. दारात काढावीत तर शेजाऱ्यांचा कुत्रा. आणि इथे मला रोज एक स्वच्छ पांढरा चौकोन मिळत होता. मी तो भरायचे आणि त्याच भुकटीने त्यावर ओळीने तेहतीस गोपद्मं काढायचे. पांढऱ्यावर पांढरी, कुणाला दिसणार? शेवटी प्रत्येकावर हळदीची आणि कुंकवाची एकेक बारीक चिमूट. नुसती पांढरी रांगोळी सोडून उठायचं नसतं. बारा दिवस मी हे केलं. लपवलं नाही, पण सांगितलंही नाही. वरून रोज थोडा हिमाचा शिडकावा व्हायचा, चिमटी झाकल्या जायच्या.

तेराव्या दिवशी कडक ऊन पडलं. संध्याकाळी केतकी आणि तिचा सहकारी ओवेन आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून वरून घेतलेली छायाचित्रं बघत होते. आभाळ तिथे रात्री अकरापर्यंत उजेडाचं असतं, म्हणून घाई नव्हती. केतकी एकदम पुढे वाकली. "ही कसली भोकं? सगळी वरच्या रांगेत. शेवाळ आहे का?"

ओवेन मोजत होता. "प्रत्येक चौकोनात तेहतीस. शेवाळ मोजून उगवत नाही."

मी पोळीचा गोळा हातात घेऊन मागे उभी होते. पडद्यावर ओळीने ठिपके होते, अकरा-अकराच्या तीन ओळी.

"ते माझं आहे," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

केतकी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात समजावत राहिली, लहान मुलाला समजावतात तसं. गडद रंग ऊन शोषतो. कुंकवाचा प्रत्येक कण तापतो आणि स्वतःखालचा बर्फ वितळवत आत जातो. बोटभर खोल. शिवाय बाहेरची कुठलीही वस्तू बर्फावर टाकायची नाही, ही समितीची पहिली अट होती.

"मला एकदा विचारायचं होतंस, आई."

"चुकलं माझं," मी म्हणाले.

ओवेन मनाचा चांगला. त्याने सुचवलं, "बारा चौकोन वगळून टाकू. कोल्ह्यांनी तुडवले असं लिहू. कोल्हे फिरतातच तिथे."

केतकीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मला दिसलं की ते लिहायचा तिला मोह होतोय, आणि तो माझ्यापायी होतोय. मी पोळीचा गोळा खाली ठेवला.

"कोल्ह्यावर घालू नकोस," मी म्हणाले. "एकोणतीस वर्षांत मी एक शिकले. तपासनीस गाडीत चढायच्या आधी आपली चूक आपण सांगितली तर ती चूक राहते. त्याने शोधून काढली की ती लबाडी होते."

"प्रयोग बंद होईल."

"होईल. पण तुझं नाव तर राहील."

तिने त्याच वेळी बसून समितीला लिहिलं, आणि पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं. माझं नाव, तारखा, तेहतीस, हळद, कुंकू, सगळं. 'ही चूक माझ्या देखरेखीतली आहे' हे वाक्यही होतं. ते ऐकून मला रडू आलं. मी कांदा चिरायला घेतला, म्हणजे कारण विचारायला नको.

पुढचे दोन दिवस आम्ही एकमेकींशी जपून बोलत होतो. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. आपल्यासारखा धो धो नाही, बारीक आणि चिवट, दीड दिवस थांबलाच नाही. केतकी खिडकीशी उभी राहून म्हणाली, "झालं." मी तिच्यासाठी चहा ठेवला. तो तिने घेतला, पण प्यायली नाही.

पाऊस थांबला त्याच्या दुसऱ्या दिवशी समिती आली. तीन माणसं. अध्यक्ष उंच, पाठीत किंचित वाकलेले गृहस्थ. दुसऱ्या एक हिशेबी चेहऱ्याच्या बाई. आणि तिसरी रोझताई. ती समितीवर आहे हे मला त्या सकाळी कळलं. "कधी बोलली नाहीस," मी म्हटलं, तर म्हणाली, "तू कधी विचारलं नाहीस."

२०३०चा खांब ओलांडला तेव्हा खालच्या रांगा दिसल्या. अठ्ठावीस चौकोनांची भुकटी घसरून खाली राखाडी चिखल होऊन साचली होती. केतकीने एकदाच डोळे मिटले. मग आम्ही वरच्या रांगेपाशी गेलो.

माझे बाराच्या बारा चौकोन जागच्या जागी होते. पांढरेशुभ्र, ठिपक्यांसकट. आजूबाजूचा उघडा बर्फ वितळून वीतभर खाली गेला होता, त्यामुळे ते चौथऱ्यासारखे वर उठून दिसत होते.

अध्यक्ष त्यांच्याभोवती फिरले. "हेच का टिकले? इथे वेगळं काय केलं?"

"ते मी तुम्हाला पाच दिवसांपूर्वी कळवलंय," केतकी म्हणाली.

त्यांनी हातातल्या पडद्यावर तिचं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. माझ्या कानातलं यंत्र ते सरकारी सुरात मराठीत सांगत होतं, की आईने पवित्र गाईची तेहतीस पावलं काढून त्यांवर दोन रंगांची पूड वाहिली. वाचून झाल्यावर अध्यक्ष माझ्याकडे वळले. "पाऊस पडायच्या आधीची तारीख आहे. हे आज ऐकवलं असतं तर मी म्हणालो असतो, आयत्या वेळी रचलेली कथा आहे."

तोवर केतकी गुडघ्यांवर बसली होती. तिने छोट्या करवतीने एक ठिपका बर्फासकट चौकोनी कापून काढला आणि उन्हात धरला. आत बोटभर खोल भोक होतं आणि ते तळापर्यंत भुकटीने गच्च भरून गोठलं होतं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटत गेलं ते मी तिच्या दहावीच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं.

"पाणी थराखाली साचलंच नाही," ती भराभर बोलू लागली. "भोकांत उतरलं. जाताना थोडी भुकटी घेऊन गेलं, आणि रात्री ते आत गोठलं. प्रत्येक भोकाने थर धरून ठेवला. भोकांमुळे वितळला तो बर्फ बोटभर. वाचला तो वीतभर."

"गोधडीचे टाके," मी म्हणाले. "टाके नसले की आतल्या चिंध्या एका कोपऱ्यात गोळा होतात."

"हो. टाकेच." ती हसली. किती दिवसांनी हसली.

समिती दगडांवर जाऊन बसली. त्यांची चर्चा तासभर चालली. ओवेन नखं खात होता, केतकी मोजमापं घेत होती, मी मनातल्या मनात रामरक्षा दोनदा म्हटली. मग रोझताई उठून आली.

"प्रयोगाला एक वर्ष वाढ," ती म्हणाली. "टाके घालायचे ते इथल्याच काळ्या मातीने. बर्फ स्वतःच्या काठावर ती आणून टाकतो, ती त्याची त्यालाच परत द्यायची. बाहेरचं काही नाही. आणि शरयू, या उन्हाळ्यात तू बर्फावर पाऊल ठेवायचं नाहीस. नियम मोडला आहेस. मैत्रिणीला वेगळा नियम नसतो."

"नसावाच," मी म्हणाले. मनातून चरकले, पण माझ्या लेखी तिचा मान आणखी वाढला. मी तिथल्या तिथे बर्फावरून उतरले आणि काठाच्या दगडांवर जाऊन उभी राहिले.

समिती परतीच्या वाटेला लागली. केतकी तिथेच रेंगाळली. वाढीव वर्षात दहापट, म्हणजे चारशे चौकोन भरायचे होते आणि चिमटीने भरणारे हात होते फक्त माझे, ते एकटे कुठवर पुरणार. तिने काठावरची काळी माती चिमटीत घेतली, एका मोकळ्या चौकोनात भुकटी सोडून एक गोपद्म काढलं आणि त्यावर मातीची चिमूट ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा. लहानपणी दिवाळीत मी रांगोळीला हाक मारली की ही पुस्तक घेऊन माडीवर पळायची.

"आई, बरोबर आहे का?"

मी लांबूनच मान उंचावून पाहिलं. एक खूर मोठा, एक लहान, धार जाडीभरडी. "गाय लंगडतेय," मी म्हणाले.

तिने ते पुसून पुन्हा काढलं. या वेळी बैल झाला. तिसऱ्यांदा काय झालं ते सांगवत नाही. ती बर्फावर तशीच बसून राहिली, बोटांना पांढरं आणि काळं लागलेलं, आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "मला चाळीस माणसांना हे शिकवायचंय. मलाच येत नाही. तुझ्याकडे बसून नीट शिकावं लागेल." मग थोडं थांबून, "दिवाळीला येऊ का वाईला? महिनाभर रजा काढते. महिन्यात जमेल?"

महिनाभर. पाच वर्षांत चार दिवस मिळाले नव्हते. मी चेहरा मास्तरणीसारखा ठेवला.

"महिना कमीच पडेल," मी म्हणाले. "पण रोज बसलीस, तर कसंबसं जमेल."

तिने तिथल्या तिथे तिकीट काढलं. गोपद्म शिकायला एक संध्याकाळ पुरते, सात वर्षांच्या पोरीसुद्धा शिकतात. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.